रिमोट किल्ली बंद पडली तर: विनिपेगहून सोलापूरकरांसाठी

कॅनडातील विनिपेगमध्ये जानेवारीत पारा उणे ३० अंशांपर्यंत उतरतो, आणि अशा थंडीत गाडीची रिमोट किल्ली चालेनाशी झाली तर उघड्यावर उभे राहून विचार करण्याइतकी सवड मिळत नाही. म्हणून किल्लीच्या आत काय असते, हे येथे आलेला माणूस लवकर शिकून घेतो. अलीकडेच सोलापूरहून मामांचा फोन आला. होटगी रस्त्यावर त्यांची गाडी उघडेना, आणि एका दुरुस्तीवाल्याने तर थेट नवी किल्ली करून घ्या, असे सांगितले होते. त्यांना जे सांगितले, तेच येथे सविस्तर लिहीत आहे.

किल्लीत दोन स्वतंत्र यंत्रणा असतात. दार उघडणारा रेडिओ संदेश सेलवर चालतो. तो उत्तर अमेरिकेत बहुधा ३१५ आणि भारतात ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपास जातो. इंजिन सुरू करण्याची परवानगी देणाऱ्या चिपला मात्र सेल लागत नाही, कारण गाडीतील तारेच्या वेटोळ्यातून तिला पुरेशी ऊर्जा मिळते. त्यामुळे सेल पूर्ण संपला तरी गाडी सहसा चालू होते. रिमोटच्या कडेची खिट्टी सरकवून आतील धातूची किल्ली काढावी, दार उघडावे आणि ब्रेक दाबून स्टार्ट बटणाला रिमोट टेकवावा. काही गाड्यांत टेकवण्याची जागा निराळी असते. ती गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते. दार असे उघडल्यावर भोंगा वाजू लागला तर घाबरू नये, गाडी सुरू होताच तो थांबतो.

दोष शोधताना आधी दुसरी किल्ली वापरून पाहावी. ती चालली तर बिघाड पहिल्या किल्लीत आहे. दोन्ही चालत नसतील आणि आतला दिवाही लागत नसेल, तर गाडीची १२ व्होल्टची बॅटरी उतरलेली असण्याचीच शक्यता अधिक.

सेल बहुतेक वेळा सीआर २०३२ जातीचा, म्हणजे २० मिलिमीटर व्यासाचा आणि ३.२ मिलिमीटर जाडीचा असतो, पण जुन्या सेलवरचा क्रमांक वाचूनच नवा घ्यावा. नव्या पेठेतील घड्याळाच्या दुकानात तो मिळायला अडचण येऊ नये. बसवताना अधिक चिन्हाची बाजू पाहावी आणि सेल पकडणारी पितळी पट्टी वाकली असल्यास हलक्या हाताने उचलावी. पुष्कळदा खरा दोष तेथेच असतो. जुना सेल चिकटपट्टीत गुंडाळून मुलांपासून दूर ठेवावा, कारण तो गिळला गेल्यास दोन तासांत अन्ननलिकेला गंभीर इजा होऊ शकते.

नवा सेल घालूनही प्रतिसाद नसेल, तर किल्ली गाडीशी पुन्हा जुळवून घ्यावी लागते. हे काम, आणि जोडीची किल्ली करून घेणेही, एक किल्ली चालू असतानाच उरकावे. सगळ्याच बंद पडल्यावर खर्च फार वाढतो.