नेपाळ फेरी: शंभराचं बंडल, आयसी-एनसी आणि न चालणारा क्यूआर

नांदेडहून गोरखपूरमार्गे सोनौली, पुढे लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू आणि रक्सौलवरून परत. मराठवाड्यातल्या यात्रा-गाड्यांचा हा ठरलेला फेरा. रस्त्याची आणि मुक्कामाची माहिती कुणीही देतं, पण फेरी अडते ती पैशावर, म्हणून हा वृत्तांत पैशापुरताच.

सुरुवात गावातूनच करावी लागते. मोंढ्यात सोयाबीनची पट्टी मिळते ती पाचशेच्या नोटांत, आणि त्याच नोटा खिशात घालून माणसं गाडीत बसतात. नेपाळने डिसेंबर २०१८ मध्ये शंभराच्या वरच्या भारतीय नोटांवर बंदी घातली होती. २०२५ च्या अखेरीस आपल्या रिझर्व्ह बँकेने शंभरावरच्या नोटाही एकूण २५,००० रुपयांपर्यंत नेपाळ-भूतानला न्यायला मुभा दिली. पण तो आपल्या बाजूचा नियम. पलीकडचा चहावाला पाचशेची नोट हातात घेऊन मागेपुढे पाहणार असेल, तर आपला नियम त्याला सांगून काय उपयोग? माणशी शंभराचं एक बंडल, म्हणजे १०,००० रुपये, जवळ ठेवा. शाखेत रोखपालाला तीन-चार दिवस आधी सांगा. पूर्ण गाडीसाठी ऐनवेळी एवढ्या शंभराच्या नोटा निघत नाहीत.

कार्डाबाबत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. परदेशी चलन घेऊन नेपाळ किंवा भूतानचा प्रवास करायला आपल्या परकीय चलन नियमांतच मनाई आहे. त्यामुळे दुबई किंवा थायलंडच्या सहलीतून उरलेलं डॉलरचं फॉरेक्स कार्ड इथे चालत नाही. ते बिघडलेलं नसतं, त्याला परवानगीच नसते. आपल्या साध्या आंतरराष्ट्रीय डेबिट-क्रेडिट कार्डाच्या मागे 'नेपाळ आणि भूतानमध्ये परकीय चलनात पैसे देण्यासाठी वैध नाही' अशी ओळ असते, ती वाचून लोक घाबरतात. त्या ओळीचा अर्थ एवढाच, की व्यवहार रुपयातच मिटला पाहिजे. ज्या कार्डावर 'फक्त भारत आणि नेपाळमध्ये वैध' असं छापलंय ते जुनं कार्ड टाकून देऊ नका, या फेरीत तेच कामाचं. कार्ड कुठलंही असो, बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय वापर सुरू आहे का ते घरीच बघा. नव्या कार्डांवर तो बंद असतो आणि आपल्यालाच सुरू करावा लागतो. नेपाळी एटीएम परक्या कार्डाला प्रत्येक वेळी शुल्क लावतं आणि ते आधी पडद्यावर दाखवतं. म्हणून थोडे थोडे चारदा काढू नका, एकदाच मोठी रक्कम काढा.

आता यूपीआय. मार्च २०२४ पासून नेपाळमध्ये फोनपे नावाच्या तिथल्या जाळ्यातल्या दुकानांच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालतं. आपल्याकडच्या त्याच नावाच्या ॲपशी याचा संबंध नाही. आपल्या यूपीआय ॲपमध्ये आपल्या फोटोवर दाबा, पेमेंट सेटिंगमध्ये जाऊन यूपीआय इंटरनॅशनल उघडा, खात्यासमोर ॲक्टिव्हेट दाबा, मुदत विचारली तर परतीच्या तारखेपुढची निवडा आणि पिन टाका. हे सगळं निघण्याआधी. बऱ्याच जणांचं खातं जिल्हा मध्यवर्ती किंवा नागरी सहकारी बँकेत असतं. यूपीआय इंटरनॅशनलच्या यादीत आपली बँक दिसलीच नाही तर राष्ट्रीयीकृत बँकेतलं दुसरं खातं जोडा. सीमेवर उभं राहून हे होत नाही.

तरीही क्यूआर चालला नाही तर तीन गोष्टी तपासा. एक, तो क्यूआर फोनपेच्या जाळ्यातला आहे का. दुकानदाराच्या खासगी वॉलेटचा असेल तर आपलं ॲप तो ओळखणार नाही. दोन, नेट आहे का. हॉटेलचं वायफाय चालतं, पण बँकेला जोडलेलं भारतीय सिम फोनमध्येच हवं. एकच सिमचा खाचा असलेल्या फोनमधून ते काढून नेपाळी सिम घातलं, की ॲप पुन्हा पडताळणी मागतं. त्यासाठी आपल्या सिमवरून मेसेज जावा लागतो, आणि तिथे सगळं अडतं. म्हणून वाटेत ॲप काढून पुन्हा टाकू नका, फोनही बदलू नका. तीन, पैसे खात्यातून गेले पण दुकानदाराला दिसले नाहीत, तर लगेच दुसऱ्यांदा देऊ नका. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक टिपून ठेवा, अडकलेली रक्कम बहुतेक वेळा आपोआप परत येते.

सोनौलीची सीमा ओलांडली की लागणाऱ्या बेलहियाला भन्सार, म्हणजे गाडीची जकात, भरताना रोख नेपाळी रुपये हाताशी असू द्या. तिथूनच 'आयसी की एनसी?' हा प्रश्न पाठीशी लागतो. आयसी म्हणजे भारतीय रुपये, एनसी म्हणजे नेपाळी. दर पक्का आहे: १०० भारतीय म्हणजे १६० नेपाळी. काही दुकानदार शंभराला दीडशेच धरतात, म्हणजे सव्वासहा टक्के तिथेच गेले. त्याहून महाग चूक म्हणजे ८०० एनसीची वस्तू ८०० आयसी देऊन घेणं. ती खरी ५०० ची, आणि पोखऱ्याच्या बाजारात ही चूक रोज होते. भाव विचारतानाच चलन विचारा.

बेनीच्या पुढे जोमसोम-मुक्तिनाथच्या रस्त्याला नेटवर्क येतं-जातं. तिकडे रोखच. अन्नपूर्णा क्षेत्राच्या परवान्याला सार्क देशांच्या नागरिकांना १,००० नेपाळी लागतात, म्हणजे ६२५ आपले.

काठमांडूच्या हॉटेलला आगाऊ रक्कम द्यायची असेल तर साधं एनईएफटी किंवा आयएमपीएस तिथल्या खात्यात पोहोचत नाही. त्यासाठी इंडो-नेपाळ रेमिटन्स फॅसिलिटी आहे, २००८ पासून. पैसे रुपयात जातात आणि समोरच्याला नेपाळी चलनात मिळतात. ऑक्टोबर २०२१ पासून एका वेळी २ लाखांपर्यंत पाठवता येतात. शाखेत हे नाव पूर्ण उच्चारून मागा, कारण खिडकीवरच्या प्रत्येकाला ते माहीत असतंच असं नाही. 'आमच्या रक्सौलच्या माणसाच्या खात्यात टाका' असं कुणी सुचवलं तर टाकू नका. हातात पावती येत नाही आणि भांडायचं कुणाशी तेही कळत नाही.

वाटेत कुणाचे पैसे संपले तर घरच्यांनी नेपाळला काही पाठवायची गरजच नाही. त्यांनी त्या माणसाच्या भारतातल्या खात्यात नेहमीसारखे टाकावेत, त्याने तिकडे क्यूआरवर किंवा एटीएममधून वापरावेत. हे काम एका मिनिटात होतं, बाकी वाटांना दिवस लागतात.

परतताना रक्सौलच्या अलीकडे, नेपाळच्या बाजूच्या वीरगंजला नेपाळी नोटा मोजून बघा. नांदेड-परभणीत त्या कुणी घेत नाही. गाडीचं डिझेल तिथेच भरा, वर्गणी त्या नोटांत काढा, आणि उरलेल्या रक्सौलला उतरायच्या आत बदलून घ्या.