इस्त्री कोणाची?

गिरगावातल्या आमच्या चाळीत संध्याकाळी अख्खा मजला काळोखात बुडाला की गॅलरीतून पहिली हाक ठरलेली असे, "इस्त्री कोणी लावली?" उत्तरही ठरलेलं, कोणीच नाही. मग सगळ्यांनी आपापली बटणं बंद करायची, फ्यूजला नवी तार घालायची आणि एकेका खोलीने दिवा लावायचा. जिच्या पाळीला पुन्हा काळोख, ती खोली चोर.

परवा हीच चौकशी मी टेबलाखाली ओणवं होऊन केली. जुन्या फोटोंची साडेतीन इंची हार्ड डिस्क कॉम्प्युटरला जोडून बटण दाबलं. पंख्याने अर्धी गिरकी घेतली आणि थांबला. पुन्हा दाबलं तर तेवढंही नाही. "घालवलात ना तोही?" स्वयंपाकघरातून आवाज आला. (आमच्याकडे विजेच्या वस्तू बिघडत नाहीत, मी त्या घालवतो.)

डिस्क काढली, मेन बटण बंद करून मिनिटभर थांबलो, तर काहीच न घडल्यासारखा सुरू. नुसती डेटाची केबल लावली, तरी सुरू. वीज देणारी रुंद केबल लावली की ठप्प. स्क्रीन उजळून पुढे अडला असता तर बूटचा क्रम, म्हणजे सुरू होताना कुठली डिस्क आधी वाचायची ते, चुकलाय म्हणता आलं असतं. इथे उजेडाचाच पत्ता नव्हता. म्हणजे चोर सापडला होता, पण फोटो त्याच्याच पोटात.

पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग असलं तरी कॉम्प्युटर घेऊन निघालेला माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. ग्रँट रोडला उतरलो. डिस्क दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत, वर रुमाल.

दुकानातल्या पोराने डिस्क उलटी केली, मीटरच्या दोन सुया वीजजोडणीजवळच्या तिळाएवढ्या काळ्या तुकड्याला टेकवल्या. टींऽऽ.

"डायोड गेला, काका. बारा व्होल्टच्या लाइनवर जास्त व्होल्टेज आलं की हा स्वतः शॉर्ट होतो, बाकीचं सर्किट वाचवतो. पण मग डिस्क लावली की तुमच्या एसएमपीएसला, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याला, शॉर्ट दिसतो, तो लगेच बंद पडतो."

चिमट्याने त्याने तो तीळ उचलला. डिस्क घुरघुरली. स्क्रीनवर फोल्डर उमटले, 'मुंज', 'गणपती २००९'.

"आता राखणदार नाही हिला. आजच्या आज कॉपी करून घ्या." मग मान वर करून त्याने विचारलं, "भलता अडॅप्टर लावला होता का कधी?"

गेल्या महिन्यात डिस्कच्या बाहेरच्या डब्याला मी लॅपटॉपचा अडॅप्टर लावला होता. डब्यावर १२ व्होल्ट लिहिलेलं, अडॅप्टरवर १९. पिन मात्र अशी चपखल बसली होती की बस्स.

"छे हो," मी म्हटलं, "आमच्याकडे कोण लावतंय!"