सर्व्हर रूमला स्प्लिट एसी बसवताना: माझा अनुभव

नाशिकमधल्या एका पतसंस्थेची वरच्या मजल्यावरची सर्व्हर रूम, १२ बाय १० फुटांची, उंची साडेनऊ फूट. दोन रॅक (सर्व्हर बसवलेली कपाटं), कोपऱ्यात ६ केव्हीएचा ऑनलाइन यूपीएस आणि त्याच्या बॅटऱ्या. घरातल्या एसीपेक्षा इथलं काम वेगळं आहे, कारण हा एसी बाराही महिने चोवीस तास चालतो आणि खोलीत माणूस नसतो. पाणी टपकलं, वीज जाऊन आली, आतल्या गार कॉइलवर बर्फ धरला, तर रिमोट हातात घेणारं कुणी नाही. आम्ही प्रत्येक निर्णय हे धरूनच घेतला.

सुरुवात टनेजपासून. विक्रेत्याने खोलीचं क्षेत्रफळ विचारून दीड टन सांगितलं. इथे क्षेत्रफळाला फारसा अर्थ नाही. रॅकमध्ये जेवढी वीज जाते तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. यूपीएसच्या डिस्प्लेवर लोड ३.१ किलोवॉट दिसत होता. यूपीएसचा स्वतःचा तोटा ०.३, वर उघडा स्लॅब असल्याने दुपारी छतातून येणारे सुमारे ०.८, दिवे वगैरे ०.१. एकूण ४.३ किलोवॉट. एक टन म्हणजे ३.५ किलोवॉट, म्हणून दीड टन पुरेल असं वाटतं. पण लेबलवरच्या क्षमतेचा एक भाग हवेतली वाफ काढण्यात जातो आणि सर्व्हर वाफ सोडत नाहीत, नुसती कोरडी उष्णता सोडतात. दीड टनी मशीनच्या ५ किलोवॉटपैकी त्यासाठी तीन चतुर्थांश धरा, म्हणजे पावणेचारच्या आसपास. तेही बाहेर ३५ अंश असताना; नाशिकचा मे महिना ४० च्या वर गेला की आणखी घट. म्हणून दोन टनांची दोन मशीन घेतली. एकट्याने खोली सांभाळता येईल एवढं प्रत्येक मशीन, आणि दुसरं राखीव.

इनडोअर युनिटची जागा हा सगळ्यात वादाचा मुद्दा. रॅकच्या डोक्यावर मोकळी भिंत दिसते आणि सगळे तिथेच बोट दाखवतात. तिथे कधीही लावू नये: ड्रेन (पाणी बाहेर नेणारी नळी) तुंबला की ट्रेमधलं पाणी सरळ नेटवर्क स्विचवर येतं. आम्ही दोन्ही युनिट रॅकच्या तोंडासमोरच्या भिंतीवर घेतली. सर्व्हर समोरून हवा ओढतात आणि मागून गरम सोडतात, त्यामुळे थंड झोत थेट त्यांच्या तोंडाशी पोहोचतो आणि मागची गरम हवा रॅकच्या वरून परत येते. स्विंग बंद करून पाती खाली झुकवून ठेवली. पाती आडवी राहिली तर थंड हवा वरच्या जाळीतून लगेच परत ओढली जाते आणि खोली गार झाली असं सेन्सरला वाटतं. रॅकमधल्या रिकाम्या जागांना पत्रे लावले, नाहीतर गरम हवा तिथून पुढे येते.

गॅस आर-३२. तो सौम्य ज्वलनशील आहे आणि हवेपेक्षा जड. किती ग्रॅम गॅसला किमान किती क्षेत्रफळाची खोली लागते त्याचा तक्ता मॅन्युअलमध्ये असतो. लहान खोलीत, तेही यूपीएस शेजारी असताना, तो पाहिल्याशिवाय ड्रिल हातात घेऊ नये.

पाइपसाठी भिंतीतलं भोक, म्हणजे कोअर कटिंग, ६५ मिलिमीटरचं, बाहेरच्या बाजूला उतार देऊन. पाइप गेल्यावर उरलेली फट नुसत्या फोमने भरली तर उंदीर तो कुरतडून आत येतात आणि मग नेटवर्कच्या केबल जातात. आधी तारेची जाळी कोंबावी, मग वर सिमेंट.

पाइप आमच्या मॉडेलला दोन सूत आणि पाच सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). कटरने कापल्यावर आतली कड रीमरने साफ करताना पाइपचं तोंड खाली धरायचं, म्हणजे तांब्याचा कीस आत पडत नाही. फ्लेअरच्या (पाइपच्या फुलवलेल्या तोंडाच्या) पाठीला तेलाचा एक थेंब, नट आधी हाताने, मग टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळणारा पाना): दोन सुताला १४ ते १७ न्यूटन मीटर, पाच सुताला ६५ ते ७५. अंदाजाने पाना मारणारे बहुतेक वेळा छोटा नट जास्त आवळतात, फ्लेअर पातळ होते आणि काही महिन्यांनी तिथूनच गॅस जातो. आर्माफ्लेक्स (रबरी फोमचं इन्सुलेशन) दोन्ही पाइपांना वेगवेगळं. एकत्र गुंडाळलं की एका पाइपची उष्णता दुसऱ्यात जाते.

लीक तपासायला पाइपमध्ये नायट्रोजन ४०० पीएसआय दाबाला भरून रात्रभर ठेवला, प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला. सकाळी गेज थोडा खाली दिसला तर लगेच लीक समजू नये. तापमान १० अंशांनी उतरलं तर दाब सुमारे १४ पीएसआयने उतरतोच. मग व्हॅक्यूम. बाहेरच्या मशीनमधला गॅस थोडा सोडून हवा ढकलून देण्याची सवय अनेकांना आहे. त्याने ओलावा आतच राहतो आणि ज्वलनशील वायू हवेत सुटतो, दोन्ही वाईट. व्हॅक्यूम पंप लावून ५०० मायक्रॉनच्या (अगदी कमी दाबाचं माप) खाली आणलं, व्हॉल्व्ह बंद करून वीस मिनिटं पाहिलं. काटा चढून एका जागी थांबला तर ओलावा, चढतच राहिला तर लीक. हे साध्या मॅनिफोल्ड गेजवर कळत नाही, मायक्रॉन गेजच लागतो.

ड्रेनला मीटरमागे किमान एक सेंटिमीटर उतार, कडक पीव्हीसी, आतल्या भागावर इन्सुलेशन. शेवटचं टोक बादलीत किंवा गटाराच्या पाण्यात बुडालेलं नको, हवा अडकून पाणी मागे येतं. ट्रेमध्ये लिटरभर पाणी ओतून बाहेर पडताना डोळ्यांनी पाहिलं. युनिटखाली जमिनीवर पाण्याचा सेन्सर ठेवला.

विजेला प्रत्येक मशीनची वेगळी लाइन: ४ चौरस मिलिमीटर तांब्याची वायर, २० अँपियरचा सी-कर्व्ह (सुरू होतानाचा विजेचा झटका सोसणारा) एमसीबी. एसी यूपीएसवर घेत नाहीत, जनरेटरवर घेतात. आता खरी परीक्षा. खोलीतल्या हवेचं वजन जेमतेम ३५ किलो. भिंती आणि लोखंडाने काही शोषलं नाही तर छताची उष्णता सोडून उरलेल्या साडेतीन किलोवॉटने ती हवा दहा सेकंदांत एक अंशाने तापेल. प्रत्यक्षात वेग कमी असतो, तरी दोन्ही एसी बंद ठेवल्यावर रॅकच्या तोंडाशी तापमान २३ वरून ३१ वर जायला पाव तास पुरला. म्हणून ऑटो रीस्टार्ट तपासणं सगळ्यात महत्त्वाचं. चालू मशीनचा एमसीबी पाडायचा, पाच मिनिटांनी चढवायचा आणि आपोआप सुरू होतं का, कूल मोडवरच येतं का, सेट केलेलं तापमान तेच आहे का, ते पाहायचं. स्टार लेबलच्या रूम एसींना २०२० पासून २४ अंशांचं डिफॉल्ट सेटिंग असतं, त्यामुळे २२ वर ठेवलेलं मशीन काय लक्षात ठेवतं ते गृहीत धरू नये. काही मॉडेलमध्ये ही सोय बटण दाबून चालू करावी लागते. इको, स्लीप आणि माणूस ओळखणारा सेन्सर बंदच हवा. खोली रिकामी आहे म्हणून मशीन स्वतःला आवरतं घेतं.

आलटून-पालटून चालवायला सिक्वेन्शियल टायमर, आठ तासांचा. जुन्या पद्धतीचे टायमर कॉन्टॅक्टरने (विजेवर चालणाऱ्या स्विचने) सप्लाय तोडतात. इन्व्हर्टर मशीनला ते सोसत नाही, म्हणून रिमोटसारखा इन्फ्रारेड सिग्नल देणारा घेतला. त्यात तापमान २८ वर गेलं की दुसरं मशीनही सुरू व्हावं ही सोय हवीच, आणि वीज गेल्यावर घड्याळ टिकवणारी बॅटरीही.

नाशिकची थंडी लोक हिशेबात धरत नाहीत. डिसेंबर-जानेवारीत रात्री पारा १० च्या खाली जातो, पण सर्व्हर तेवढेच तापतात. बाहेरचं कंडेन्सर फार थंड झालं की तिथला गॅसचा दाब पडतो, इव्हॅपोरेटरला (आतल्या कॉइलला) गॅस कमी मिळतो, कॉइल शून्याखाली जाऊन बर्फ धरते आणि सकाळी बर्फ वितळून पाणी गळतं. कूलिंगसाठी बाहेरचं किमान तापमान किती चालतं हे मॅन्युअलमध्ये छापलेलं असतं आणि कित्येक मॉडेलमध्ये ते १६ ते २१ च्या दरम्यान आहे. आम्ही ही एक ओळ पाहूनच मॉडेल ठरवलं.

सुरू केल्यावर जाळीत २५ आणि झोतात १३ अंश, म्हणजे १२ चा फरक. पण रोजचं वाचन रॅकच्या तोंडाशी ठेवलेल्या थर्मामीटरचं घ्यायचं, रिमोटवरचं नाही. आम्ही २३ ते २५ राखतो. सर्व्हरना २७ पर्यंत चालतं. बॅटऱ्यांसाठी मात्र २५ ओलांडू देत नाही, कारण सतत १० अंश जास्त राहिलं तर लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य साधारण निम्मं होतं. एसएमएसचा पहिला इशारा २८ ला, दुसरा ३२ ला. फिल्टर दर पंधरा दिवसांनी, ड्रेनमध्ये पाणी ओतून तपासणी पावसाळ्याआधी आणि हिवाळ्याआधी.