तुम्ही विचारलंत म्हणून: पुस्तकाबरहुकूम की घर पाहून?

सांगलीत बायपोलर विकाराच्या (कधी टोकाचा उत्साह, तर कधी खोल नैराश्य आणणाऱ्या मानसिक आजाराच्या) रुग्णांच्या कुटुंबांबरोबर काम करताना मला एक प्रश्न वारंवार विचारला जातो: "अमेरिकेत तयार झालेली पद्धत तुम्ही आमच्या घरांत जशीच्या तशी वापरता, की सोयीने बदलता?"

डेव्हिड मिक्लोविट्झ आणि मायकेल गोल्डस्टीन यांनी घडवलेल्या या कुटुंबकेंद्री उपचारात नऊ महिन्यांत 21 बैठका असतात. आजार समजून घेणे, घरात एकमेकांशी बोलण्याचा सराव करणे आणि अडचणी सोडवणे, असे त्याचे तीन टप्पे. कोलोरॅडोत 101 रुग्णांवर झालेल्या आणि 2003 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, औषधांच्या जोडीने हा उपचार घेतलेल्यांपैकी 35 टक्के रुग्णांचा आजार दोन वर्षांत उलटला; औषधांबरोबर कुटुंबाला दोनच माहितीसत्रे आणि गरजेपुरती मदत मिळाली, तिथे हे प्रमाण 54 टक्के होते. हे आकडे कुटुंबापुढे ठेवायचे, तर उपचारही तोच दिला पाहिजे. म्हणूनच अशा अभ्यासांत बैठकांची रेकॉर्डिंग तपासून, पद्धत किती नेमकी पाळली यासाठी चिकित्सकालाही 1 ते 7 असे गुण देतात.

पहिल्या टप्प्यात सहसा कोणी घसरत नाही, कारण तिथे बोलायचे आपणच असते. घसरण होते ती दुसऱ्यात. वडील माझ्याकडे पाहून म्हणतात, "मॅडम, याला जरा सांगा, रात्री वेळेवर झोपत जा म्हणावं," आणि मी ते सांगून मोकळी होते. अशाच एका बैठकीचे रेकॉर्डिंग ऐकले, तेव्हा तासाभरात बापलेक एकमेकांशी एक वाक्यही बोलले नव्हते, हे ध्यानात आले. मला मात्र ती बैठक उत्तम झाली असे वाटले होते. पद्धत सांगते की खुर्च्या समोरासमोर वळवाव्यात आणि जे सांगायचे ते वडिलांनी मुलालाच सांगावे. "तू अकराला दिवा मालवलास की मला निर्धास्त झोप लागते," हे वाक्य त्यांच्या तोंडून येईपर्यंत चिकित्सकाने थांबायचे असते.

मी बदल करते ते वेगळ्या ठिकाणी. ऊसतोडीच्या दिवसांत बैठक पुढे ढकलते, घरचा कारभार चुलत्यांच्या हाती असेल तर त्यांनाही बोलावते, उदाहरणे इथलीच घेते. मात्र सराव, घरी करायचा अभ्यास आणि झोपेची गरज अचानक कमी झाली (आजार उलटण्याची ही खूण असू शकते) तर कोणी काय करायचे याची लेखी योजना, यांत मी सूट देत नाही.

कुटुंबाची लेखी संमती घेऊन काही बैठकांची रेकॉर्डिंग मी मिरजेच्या एका सहकारी मैत्रिणीला ऐकवते. तिचा शेरा बहुधा एकच असतो: "आजही तूच जास्त बोललीस."