भटारखान्यातली पुस्तकं : ऑगस्टअखेरची नोंद

यंदा पाककृतींची पुस्तकं बाजूला ठेवून, हॉटेलच्या भटारखान्यात राबलेल्यांनी लिहिलेलीच वाचायची असं जानेवारीत ठरवलं. आठ महिन्यांत तीन झाली, चौथं अर्ध्यावर आहे. वाचता वाचता उठून ओट्याशी जावंसं वाटतं, त्यामुळे वेळ लागतो.

सुरुवात ऑर्वेलच्या १९३३ च्या 'डाउन अँड आउट इन पॅरिस अँड लंडन'ने केली. पॅरिसच्या एका बड्या हॉटेलात तो पडेल ते काम करायचा, भांडी घासायचा. तळघरातली त्याची कामाची खोली वीस फूट लांब, सात फूट रुंद आणि आठच फूट उंच. उष्मा ११० फॅरनहाइटच्या खाली उतरत नसे. म्हणजे त्रेचाळीस सेल्सिअस, चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार. एक प्रसंग मी तीनदा वाचला. वाइनची बाटली फोडलेल्या शिकाऊ पोऱ्यावर एक वरिष्ठ वाढपी दाराशी मूठ उगारून ओरडतो, आणि दार ओलांडताच हातात ताट घेऊन हंसासारखा तरंगत गिऱ्हाइकापाशी जाऊन अदबीने वाकतो. तेव्हापासून हॉटेलात बसलं की माझी नजर त्या झुलत्या दाराकडेच जाते.

न्यू यॉर्कमधल्या शेफ अँथनी बोर्डेनच्या 'किचन कॉन्फिडेन्शियल'मधला (२०००) 'सोमवारी हॉटेलात मासे मागवू नका' हा सल्ला सगळ्यांना आठवतो. मला त्याहून मोलाची वाटली ती 'मीज', म्हणजे 'मीझ आं प्लास', स्वयंपाक्याची मांडामांड. मीठ, मिरी, लोणी, तेल, चिरलेली कोथिंबिरीची विलायती बहीण पार्सली, सगळं ठरल्या जागी. डोळे मिटूनही हाताला लागलं पाहिजे. दुसऱ्याच्या मांडणीला हात लावायचा नाही. माझी आजी मिसळणाच्या डब्याला कुणाला हात लावू देत नसे, ते आठवलं.

'हीट'चा लेखक बिल ब्यूफर्ड 'न्यू यॉर्कर'चा कथासंपादक होता. 'बाब्बो' या न्यू यॉर्कच्या हॉटेलात तो उमेदवारीला गेला आणि गाजरं चिरण्यातच अडकला. तुकडे एकसारखे नाहीत म्हणून त्याची मेहनत थेट कचऱ्यात गेली. हे वाचून मी रविवारी पाव किलो गाजरं पट्टी लावून अर्ध्या सेंटिमीटरच्या चौकोनांत चिरली. पाटाखाली ओलं फडकं, सुरीला नवी धार. पस्तीस मिनिटं लागली. पुलावात मात्र एकही तुकडा कच्चा नव्हता, एकही गिचका झाला नव्हता. गेली वीस वर्षं मी आच कमी-जास्त करत बसले होते. गोम चिरण्यात होती.

सध्या विठ्ठल कामतांचं 'इडली, ऑर्किड आणि मी' चालू आहे. आवडतंय, पण ते मालकाच्या खुर्चीतून लिहिलेलं आहे. मला हवंय ते खानावळीतल्या आचाऱ्याचं, पोळ्या लाटणाऱ्या मावशींचं, नाहीतर मोरीवरच्या पोऱ्याचं. मराठीत असं काही कुणाच्या वाचनात आलं असेल, छोटं, फाटकं, आउट ऑफ प्रिंट कसंही, तर नाव जरूर सांगा. सप्टेंबर त्यासाठी मोकळा ठेवलाय.