खुर्चीची करकर

"थांब... अजून थांब... आत्ता! ऐकलंस?"

एवढं बोलून माझा एक मित्र समोरच्याच्या तोंडाकडे बघत राहतो. समोरच्याच्या कानावर त्याचा हेडफोन असतो आणि हेडफोनात बीटल्स या इंग्रज बँडच्या 'अ डे इन द लाइफ' गाण्याचा शेवट. फेब्रुवारी १९६७ मध्ये काही जणांनी अनेक पियानोंवर एकदम हात दाबून वाजवलेला तो एकच सूरमेळ. तो विरायला लागला तसा ध्वनिमुद्रकाने आवाज हळूहळू वाढवत नेला, म्हणून तो चाळीस सेकंदांहून जास्त टिकतो. पण सूर मावळत चालला आणि माइक मात्र पूर्ण उघडे, त्यामुळे शेवटी शेवटी खोलीच ऐकू यायला लागते. आणि तेवढ्यात कुणाची तरी खुर्ची करकरते.

मित्राला तो सूरमेळ ऐकवायचा नसतोच. त्याला खुर्ची ऐकवायची असते.

मी त्याला पुष्कळ हसलो आहे. नंतर लक्षात आलं की आमच्या टोळक्यातली झाडून सगळी माणसं खुर्च्याच शोधत असतात. जुन्या रेकॉर्डवर बोलायला बसलो की चाल कशी गोड आहे, गळा कसा सुरेल आहे, हे कुणी काढतच नाही. ते सगळ्यांना मान्यच असतं, त्यात बोलायचं काय? बोलणं सुरू होतं ते कुठे काय चुकलंय यावरून. बीटल्सच्याच 'हे जूड'मध्ये तिसरं मिनिट भरता भरता मागून एक दबकी शिवी ऐकू येते. ती बँडमधल्या लेननची की मॅकार्टनीची, यावरून एकदा दोन सभ्य गृहस्थ पाऊण तास भांडले. (ऐंशी ओलांडलेल्या मॅकार्टनीला आम्ही सर्रास अरेतुरे करतो. घरातल्या वडीलधाऱ्यांशी असं बोलायची कुणाची छाती नाही.) त्याच गाण्याची एक गोष्ट मॅकार्टनी स्वतः सांगतो. टेक सुरू झाला तेव्हा ड्रमवाला रिंगो स्वच्छतागृहात होता. तो पाय न वाजवता मागून आला, ड्रम्सपाशी बसला आणि त्याची जागा आली त्याच क्षणी वाजवायला लागला. हे कळल्यापासून सुरुवातीचं बिनड्रम्सचं कडवं मला निवांतपणे ऐकताच येत नाही. आला का? पोचला का? इतकी वर्षं तो वेळेवर पोचतोय, तरी जीव टांगणीला लागतो तो लागतोच.

'द पोलिस' या बँडच्या 'रॉक्सॅन'ची सुरुवातही तशीच. १९७८ सालचं गाणं. त्यांचा गायक स्टिंग झाकण बंद आहे असं समजून पियानोवर टेकला आणि झाकण उघडं निघालं. बसकणीने वाजलेला तो बेसूर खणखणाट आणि मागोमाग आलेलं हसू, दोन्ही रेकॉर्डवर ठेवलं गेलं. आता तो खणखणाट वाजला नाही तर गाणं सुरू झालं असं वाटतच नाही.

मोनो (सगळा आवाज एकत्र) की स्टिरिओ (डावीकडे-उजवीकडे वेगवेगळा) हा विषय निघाला की मी शक्यतो चहा करायला उठतो. खुर्चीवाला मित्र कडवा मोनोवाला. त्याचा हुकमी एक्का म्हणजे 'शी'ज लीव्हिंग होम'. १९६७ च्या मोनो रेकॉर्डवर ते गाणं जलद आहे आणि सूरही वर आहे, स्टिरिओवर ते रेंगाळतं. त्या काळी बीटल्स मोनो मिक्सला, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायला, हजर असायचे, स्टिरिओ मागून उरकला जायचा, तेव्हा खरं गाणं कुठलं ते उघड आहे, असं त्याचं म्हणणं. २०१७ मध्ये जाइल्स मार्टिनने, म्हणजे मूळ निर्मात्याच्या मुलानेच, हे गाणं असलेल्या अल्बमचं नवं स्टिरिओ मिक्स केलं आणि हे गाणं मोनोच्या गतीला आणून ठेवलं. आमचा मित्र त्या दिवशी कोर्टात दावा जिंकल्यासारखा वावरत होता. मला मात्र रेंगाळणारंच आवडतं. घर सोडून जाणाऱ्या मुलीला घाई असेल, मागे राहिलेल्यांना कसली घाई?

शब्दांचा प्रांत त्याहून वेगळा. तिथे गाणाऱ्यापेक्षा ऐकणाराच जास्त चुकतो. आपल्याकडे 'ध'चा 'मा' म्हणतात, तशी उदाहरणं तिकडे पोत्याने सापडतील. गिटारवाला गायक जिमी हेन्ड्रिक्स 'पर्पल हेझ'मध्ये आकाशाचं चुंबन घेऊ पाहतो. असंख्य लोकांना 'स्काय'च्या जागी 'धिस गाय' ऐकू आलं आणि त्यांनी तो एका गड्याचं चुंबन घेतोय असं खुशाल धरून चाललं. मराठी कानाला त्यात आणखी एक शक्यता दिसते. ती इथे नको.

पण ऐकणाऱ्याच्या चुकीचा कळस गाठला तो 'लुई लुई'ने. 'किंग्जमेन' नावाच्या पोरांनी १९६३ मध्ये ते गायलं. बिचारं साधं गाणं आहे; एक खलाशी आपल्या प्रेयसीच्या आठवणी सांगतो, बास. पण गायकाचे उच्चार इतके गिचमिड की ऐकणाऱ्यांनी त्यात आपापल्या मनातली अश्लील कडवी भरली, पालकांच्या तक्रारी गेल्या आणि थेट एफबीआयने, म्हणजे अमेरिकेच्या केंद्रीय तपास खात्याने, चौकशी लावली. सरकारी माणसं ती रेकॉर्ड वेगवेगळ्या वेगांनी लावून कान देऊन बसली आणि शेवटी निष्कर्ष निघाला की कुठल्याही वेगाने लावा, काही कळत नाही. त्या माणसांचा मला हेवा वाटतो. आम्ही हेच फुकट करतो, त्यांना पगार होता. गंमत म्हणजे त्या रेकॉर्डमधली खरी चूक आंधळ्यालाही दिसेल अशी आहे. मधला गिटारचा तुकडा संपल्यावर गायक कडवं लवकर सुरू करतो, जीभ चावून थांबतो आणि ड्रमवाला मध्ये दणदण वाजवून वेळ मारून नेतो.

नव्या गाण्यांच्या बाबतीत मी जरा मागे आहे, हे कबूल करतो. जुलै २०१५ पासून जगभर नवी गाणी शुक्रवारी येतात हेही मला भाचीने सांगितलं. तिचं दैवत टेलर स्विफ्ट. जुन्या रेकॉर्डिंगची मालकी दुसऱ्यांच्या हाती गेली म्हणून या बाईंनी आपले जुने अल्बम नव्याने गाऊन पुन्हा आणायला घेतले, तेव्हा मला वाटलं आता ही पिढी काय करणार? सगळं तर तसंच्या तसं आहे. पण २०२१ मध्ये 'फिअरलेस' नव्याने आला त्या सकाळी भाचीने मला फोनवर धरलं.

"मामा, 'हे स्टीव्हन' ऐक. पहिलं जुनं ऐक, मग नवं."

"काय ऐकायचंय त्यात?"

"हसते ती! मध्येच एक ओळ म्हणून हसते. नव्यात ठेवलंय का, याचंच सगळ्यांना टेन्शन होतं."

ऐकलं. २००८ च्या रेकॉर्डमध्ये ते हसू निसटल्यासारखं वाटतं. नव्यातही ते आहे, अगदी जागेवर आहे. पण तिला ते हसावं लागणार हे आधीपासून ठाऊक होतं, आणि जगभरच्या पोरी ते ऐकायला टपून बसल्या होत्या. निसटलेलं हसू पुन्हा मुद्दाम निसटू कसं द्यायचं? त्यावर आम्ही दोघं अर्धा तास बोललो. फोन ठेवताना ती म्हणाली, "जुनंच खरं, पण नवं तिचं स्वतःचं आहे ना." वाद तिथेच सोडून दिला. या मुलीला खुर्ची सापडली होती, आता तिला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं.

२०२३ च्या नोव्हेंबरात बीटल्सचं 'नाऊ अँड देन' आलं. लेननने सत्तरच्या दशकात घरी कॅसेटवर केलेला तो डेमो. नव्वदच्या दशकात उरलेल्या तिघांनी हात घातला होता, पण कॅसेटवर विजेची घरघर होती आणि पियानोखाली आवाज दबलेला, म्हणून सोडून दिलं. आता संगणकाने आवाज तेवढा सोलून काढला, लख्ख. मी घरघरवाली प्रत पूर्वी ऐकली होती. नवं ऐकताना डोळ्यांत पाणी आलं हे खरं, पण पहिल्या काही सेकंदांत मी नकळत स्पीकरला कान लावून घरघर शोधत होतो, हेही खरं.

याला कारण माझी स्वतःची कॅसेट. 'हे जूड' मी पहिल्यांदा ऐकलं ते कुणीतरी कुणाकडून उतरवून घेतलेल्या कॅसेटवर. गाणं सात मिनिटांहून मोठं, त्यातली शेवटची चार मिनिटं नुसतं 'ना ना ना'. उतरवणाऱ्याचा अंदाज चुकला आणि ए बाजू त्या 'ना ना ना'च्या ऐन भरात संपली. कितीतरी वर्षं माझं 'हे जूड' तिथेच खटकन तुटायचं. मी उठायचो, कॅसेट उलटायचो, पलीकडे भलतंच गाणं सुरू व्हायचं. पुढे सगळी माणसं किती वेळ गात राहतात, मागे मॅकार्टनी कसा ओरडतो, हे मला फार उशिरा कळलं.

परवा मित्राने नव्या स्पीकरवर तेच गाणं लावलं. मोनो, अर्थातच. सगळे डोळे मिटून माना डोलवत होते. 'ना ना ना' सुरू झालं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा, चौथ्यांदा आलं, आणि मी उठून उभा राहिलो.

"कुठे निघालास?" मित्राने डोळे न उघडता विचारलं.

"कॅसेट उलटायला," मी म्हणालो आणि परत बसलो.