तुम्ही विचारलंत म्हणून: फुकटचा गेम खरंच फुकट असतो का?

नाशिकच्या महात्मा गांधी रोडवर माझं लॅपटॉप आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. काउंटरमागच्या स्क्रीनवर काम नसेल तेव्हा माझा गेम चालू असतो. तो बघून मुलांबरोबर आलेले आई-वडील हमखास विचारतात, "दादा, हा म्हणतो गेम फुकट आहे. खरंच फुकट असतो का? मग कंपनीला काय मिळतं?" दुसरं गिऱ्हाईक खोळंबलेलं असताना याचं धड उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सावकाश लिहितो.

हो, फुकट असतो. आणि तुमचा मुलगा तिथे पैसे न भरता खेळतो म्हणून त्याने मान खाली घालायचं काही कारण नाही. तो आणि त्याच्यासारखे हजारो तिथे असतात, म्हणूनच पैसे भरणारे येतात. अशा गेमचा सगळा जीव त्या गर्दीत असतो.

आधी एक खुलासा. मी बोलतोय ते ऑनलाइन रोल-प्लेइंग गेमबद्दल. रमी नाही, पैसे लावून लावलेली क्रिकेटची टीम नाही. पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर केंद्राच्या ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने बंदी घातली आहे. ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीचे गेम या बंदीत येत नाहीत. "पण बंदी आली होती ना?" असं अजूनही कुणी ना कुणी विचारतंच, म्हणून हे आधी सांगितलं.

या गेममध्ये तुम्ही एक पात्र घेता आणि एका मोठ्या जगात उतरता. त्या जगात त्याच क्षणी इतर हजारो खरी माणसं वावरत असतात. तुम्ही बाहेर पडलात, झोपलात, तरी ते जग चालूच राहतं. रूनस्केपचंच घ्या. ४ जानेवारी २००१ ला इंग्लंडमधल्या गावर बंधूंनी तो सुरू केला, आणि त्याची कंपनी जॅजेक्स केंब्रिजची. तो जावामध्ये लिहिलेला होता आणि थेट ब्राउझरमध्ये चालायचा, काही इन्स्टॉल करावं लागत नसे. नाशिकरोडच्या सायबर कॅफेत मी तो खेळू शकलो तो याचमुळे. कॅफेवाले काका कॉम्प्युटरवर काहीही टाकू द्यायचे नाहीत, पण ब्राउझर उघडायला कुणाची ना नव्हती. पुढे गेम बदलत गेला, जुन्या खेळाडूंना जुनंच हवं होतं, तेव्हा कंपनीने २००७ सालची जपून ठेवलेली प्रत काढून २०१३ मध्ये 'ओल्ड स्कूल रूनस्केप' सुरू केला. २०१५ मध्ये त्याचा एक भाग सगळ्यांना फुकट खुला झाला आणि २०१८ मध्ये तो मोबाइलवर आला. खातं एकच. दुकानात लॅपटॉपवर सोडलेलं काम घरी जाताना सिटीलिंकच्या बसमध्ये फोनवर पुढे चालू करता येतं.

यातली अगदी सुरुवातीची एक कामगिरी मला फार आवडते. लंब्रिज नावाच्या गावी किल्ल्यात एक आचारी आहे. त्याला तिथल्या सरदाराच्या वाढदिवसाचा केक करायचाय आणि सामान नाही. तुम्ही त्याला एक अंडं, दूध आणि पीठ आणून द्यायचं. अंडं कोंबड्यांच्या खुराड्याजवळून, दूध गाय पिळून, आणि पिठासाठी शेतातून गहू आणून पवनचक्कीत दळायचा. तलवार काढायची गरजच पडत नाही. पहिल्यांदा खेळणाऱ्या प्रत्येकाला मी हीच क्वेस्ट (म्हणजे कामगिरी) करायला लावतो, कारण त्यातून या जगाची रीत कळते: वस्तू कुठून तरी आणावी लागते, कुणीतरी ती तयार केलेली असते.

आता कंपनीच्या कमाईकडे येतो. फुकट खेळणारा झाडं तोडतो, मासे पकडतो, खाणीतून लोखंड काढतो आणि ते बाजारात विकतो. पैसे भरणाऱ्याकडे मोठा नकाशा आणि जास्त कौशल्यं असतात, पण प्रत्येक लाकूड स्वतः तोडायला त्याला वेळ नसतो. तो ते विकत घेतो. आणि रिकाम्या जगात सगळ्यात भारी चिलखत घालून फिरलं तरी बघणार कोण?

हे सगळ्यात स्पष्ट दिसतं ते बर्लिनच्या कंपनीच्या अल्बियन ऑनलाइनमध्ये. हा गेम २०१७ मध्ये विकत मिळायचा, २०१९ पासून फुकट झाला, २०२१ मध्ये फोनवर आला. त्यातली जवळजवळ सगळी हत्यारं, चिलखतं, पिशव्या खेळाडूच बनवतात. प्रत्येक शहराचा बाजार वेगळा, एका शहरात ठेवलेला माल दुसऱ्या शहरात दिसत नाही. लाकूड फोर्ट स्टर्लिंगला कापून घेतलं तर फळ्या जास्त निघतात, धातूसाठी थेटफर्ड बरं, कातड्यासाठी मार्टलॉक. मग माल बैलावर लादायचा (सामान वाहायला खरोखर बैल मिळतो) आणि जिथे भाव आहे तिथे न्यायचा. आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लासलगावला कांद्याचा भाव पडलाय कळलं की पिकअप पिंपळगावकडे वळवणारी माणसं आपण रोज बघतो, तोच हिशोब इथे. फरक रस्त्याचा. मधल्या कार्लियन शहराभोवतीचा सगळा भाग लाल आहे, तिथे दुसऱ्या खेळाडूने तुम्हाला मारलं तर अंगावरचं आणि पिशवीतलं सगळं जातं. त्यातलं काही नष्ट होतं, उरलेलं मारणाऱ्याला. माल सतत नष्ट होतो म्हणून नव्याला सतत मागणी राहते, आणि म्हणून कच्चा माल गोळा करणाऱ्या नवख्यालाही रोज गिऱ्हाईक मिळतं. हा बाजार ज्याने रचला त्याच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

म्हणजे फुकट खेळणाऱ्यांवर जग उभं आणि पैसे भरणाऱ्यांवर कंपनी. पण कंपनी पैसे कुठे मागते, यात गेमागणिक फार फरक आहे, आणि आई-वडिलांनी बघायचं ते हेच.

सगळ्यात सरळ पद्धत सदस्यत्वाची. रूनस्केपमध्ये महिन्याचे पैसे भरा, दार उघडतं. शेती, औषधं बनवणं, शिकार, घर बांधणं ही कौशल्यं सदस्यांनाच. अल्बियनमध्ये प्रीमियम, म्हणजे पैसे भरून घ्यायचं सदस्यत्व, नसेल तरी सगळीकडे जाता येतं, पण विक्रीवर कर दुप्पट, ४ ऐवजी ८ टक्के. पाथ ऑफ एक्झाइल हा न्यूझीलंडचा गेम पूर्ण फुकट आहे. तिथे विकतात ते पात्राचे पोशाख आणि सामान ठेवायच्या जादा पेट्या. या तिन्ही पद्धतींत पैसे देण्याआधी कळतं की काय मिळणार आहे.

चौथी पद्धत सोडतीची, आणि तिच्याबद्दल मी कडक आहे. इथे पैसे भरून तुम्ही पात्र किंवा तलवार घेत नाही, एक चिठ्ठी उचलता. गेन्शिन इम्पॅक्ट दिसायला अप्रतिम आहे, एकट्याने खेळला तरी भरभरून देतो, एक पैसा न घालता त्याची सगळी कथा पाहता येते. पण त्यातल्या पंचतारांकित, म्हणजे सगळ्यात दुर्मिळ, पात्राच्या एका चिठ्ठीची शक्यता ०.६ टक्के आहे. नव्वदाव्या चिठ्ठीला पंचतारांकित काहीतरी नक्की मिळतं, तेही तुम्हाला हवं तेच असेल असं नाही. नव्वद चिठ्ठ्यांचा रुपयांत हिशोब करून बघा, मग मुलाशी बोला. बेल्जियममध्ये २०१८ साली पैसे देऊन उघडायच्या, पण आत काय निघेल ते आधी न कळणाऱ्या अशा सोडतीच्या पेट्या जुगारात धरल्या गेल्या, ते मला योग्यच वाटतं. मोठ्या माणसाने स्वतःच्या पगारातून काय करावं तो त्याचा प्रश्न. बारावीच्या मुलाच्या फोनमध्ये वडिलांचं यूपीआय जोडलेलं असू नये. प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीला ओळख मागण्याची सोय आहे, ती चालू ठेवा. जमत नसेल तर दुकानात या, त्याचे मी पैसे घेत नाही.

रूनस्केपमध्ये आणखी एक गंमतशीर सोय आहे, तिचं नाव बॉन्ड. एकजण खरे पैसे देऊन बॉन्ड घेतो आणि बाजारात खेळातल्या नाण्यांना विकतो. घेणाऱ्याला त्यावर १४ दिवसांचं सदस्यत्व मिळतं. म्हणजे ज्याच्याकडे पैसे आहेत पण वेळ नाही, तो ज्याच्याकडे वेळ आहे त्याची वर्गणी भरतो. फुकट खेळणाऱ्याला तेवढी नाणी जमवायला भरपूर घाम गाळावा लागतो, पण रस्ता उघडा आहे आणि तो कंपनीनेच दिलेला आहे. बाहेरच्या बाहेर रुपये देऊन खेळातलं सोनं, म्हणजे ही नाणी, घेणं मात्र नियमात बसत नाही, खातं कायमचं बंद होऊ शकतं. नव्या फुकट खात्याला सुरुवातीला काही वस्तू विकता येत नाहीत, तेही सोनं जमवणाऱ्या बॉटना (माणसाऐवजी आपोआप खेळणाऱ्या प्रोग्रामना) अडवायला. व्हेनेझुएलाचं चलन कोसळलं तेव्हा तिथली माणसं दिवसभर या गेममधल्या हिरव्या ड्रॅगनांची शिकार करून ते सोनं विकत आणि घर चालवत. त्यांना नावं ठेवायला माझी जीभ रेटत नाही. पण आपल्या मुलाने ते सोनं विकत घेऊ नये. आणि भर बाजारात कुणी "नाणी दे, दुप्पट करून देतो" म्हणालं तर तो चोर आहे. ही जुनी फसवणूक अजून चालते, म्हणून मुलांना आधीच सांगून ठेवा.

फुकटची खरी किंमत वेळात मोजतात. रूनस्केपमध्ये कौशल्याची ९९ वी लेव्हल गाठायला १,३०,३४,४३१ गुण लागतात, आणि त्याचा निम्मा टप्पा येतो ९२ व्या लेव्हलला. मुलगा म्हणाला "बाबा, ९२ झाली, आता संपलंच," तर समजा, तो अर्ध्यात आहे. "किती वेळ खेळलास" असं विचारून फार काही कळत नाही. "आज काय केलंस" असं विचारा. ज्याला सांगता येतं की आज अमुक क्वेस्ट केली, तमुक माल विकला, तो ठीक आहे. "काही नाही, असंच" असं उत्तर रोज येत असेल तर त्याच्याजवळ बसायची वेळ आली.

यंत्राबद्दलही विचारतात. नवा गेमिंग लॅपटॉप घेऊ नका. माझ्याकडे भंगारात निघालेल्या जुन्या मशीनवर रॅम आणि एसएसडी टाकली की ओल्ड स्कूल निवांत चालतो. त्याचा सर्व्हर दर ०.६ सेकंदाला एकदा सगळ्यांच्या हालचालींचा हिशोब करतो, त्यामुळे पावसाळ्यात नेट अडखळलं तरी फारसं बिघडत नाही. अल्बियनमध्ये लढाईत लॅग, म्हणजे नेटमुळे होणारा उशीर, जाणवतो. तिथे आशियाचा सर्व्हर निवडा, २०२३ पासून आहे, युरोपातल्यापेक्षा आपल्याला जवळचा.

आणि माणसं. आमच्या क्लॅनमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्यांच्या गटात, निफाडकडचा एक द्राक्षबागायतदार आहे. शेतीची वीज रात्रीची असते तेव्हा मोटर चालू करून तो बांधावर बसतो आणि फोनवर मासे पकडतो. लाइट गेली की चॅटमध्ये "गेली" एवढंच लिहितो आणि आम्हा सगळ्यांना कळतं. सिडकोतली एक ताई हॉस्पिटलच्या पाळीनंतर येते. तिला लढाईची आवड नाही, ती फक्त स्वयंपाक करते आणि आमच्या मोहिमांना जेवण पुरवते. गारपीट झाली त्या रात्री बागायतदार भाऊ ऑनलाइन आला, काहीच खेळला नाही, नुसता बोलत बसला. तिघं-चौघं तलवारी ठेवून त्याच्याजवळ उभे राहिले. यातल्या निम्म्या जणांनी कधी एक रुपया भरलेला नाही.

राहता राहिलं, पैसे भरायचेच तर केव्हा. ओल्ड स्कूलच्या फुकट भागात शेवटी ड्रॅगन मारायची एक क्वेस्ट आहे. आधीच्या क्वेस्ट करून ३२ गुण जमवल्याशिवाय ती सुरूच होत नाही. मग नकाशाचे तुकडे शोधायचे, जहाज घेऊन क्रँडॉर बेटावर जायचं आणि एल्वार्ग नावाच्या ड्रॅगनाला एकट्याने मारायचं. ते झालं की रूनचं चिलखत घालायची परवानगी मिळते. तोवर सदस्यत्वाची काहीही गरज नाही, मुलगा कितीही म्हणाला तरी. एल्वार्ग मेल्यावरही त्याला पुढे जायची इच्छा असेल तर एकाच महिन्याचे भरा, आणि आपोआप नूतनीकरण त्याच दिवशी बंद करा.